वार

वार कोणत्या वारी पडली
ते डब्यावर आधी लिहावं लागतं.
बुधवार. पहाटे तीन चाळीस.
आईचं नाव इरासिल्दा. वजन चारशे ऐंशी ग्रॅम.
वजन तिचं नाही, वारेचं.
बाळाच्या नावाला रकाना नाही.

मी जुरेमा. कांपिना ग्रांदीच्या इस्पितळात
रात्रपाळीला बर्फाची पेटी घेऊन फिरते.
माझी मावशी झेफा सुईण होती, आत, कोरड्या मुलखात.
ती वार पुरायची उंबूच्या झाडाखाली,
तीन वीत खोल, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.
मी पुरत नाही.
मी उकरते.

त्या वर्षी तापाला नाव नव्हतं.
ताप तरी कसला, इरासिल्दा म्हणाली,
अंगावर पुरळ उठलं, डोळे लाल झाले,
दोन दिवस रताळी सोलताना हात खाजले, एवढंच.
चौथा महिना होता.
नळाला पाणी एकवीस दिवसांआड,
म्हणून अंगणात निळं पिंप, भरलेलं,
आणि पिंपावर झाकणाऐवजी पोराची जुनी पाटी.
पाटी आणि पिंप यांच्यामध्ये बोटभर फट.
डासाला बोटभर म्हणजे वेशीएवढी.

डॉक्टर तेलमा पडद्यावर दाखवते :
बघ, पेशी पुड्या बांधतेय.
अखंड बांधते. दुकान बंद म्हणून नाहीच.
रक्ताच्या एका थेंबात त्यांची मोजदाद सोडून द्यावी इतक्या.
पुडीत निरोप असतो.
इथं साखर कमी पडतेय.
ही वाट रुंद कर.
आई, याला परकं समजू नकोस.
नऊ महिने हे टपाल चालतं,
आईला त्याची एक ओळ वाचता येत नाही.

आणि विषाणूला ते कळलं, तेलमा म्हणते. बहुतेक.
(ती नेहमी बहुतेक म्हणते. मी तो शब्द तिच्याकडून उचलला.)
दार कशाला फोडायचं?
घरच्याच पुडीत बसावं,
घरचाच कागद, घरचीच गाठ,
पहारेकरी वास घेतो, ओळखीचा असतो,
बाजूला होतो.

पण याच वारेच्या पुड्या, तीच सांगते,
आईच्या इतर पेशींकडे जाऊन म्हणतात :
कडी लावा. कुणीतरी फिरतंय.
म्हणजे एकाच पिशवीत चोर
आणि चोराची वर्दी.
मग वारेनं वार झेलला
की आत जाऊ दिला?
मी तीनदा विचारलं.
तेलमानं चष्मा पुसला. तीनदा.

मायारा सात महिन्यांची झाली तेव्हा इरासिल्दा आली.
पोरीच्या डोक्याभोवतीची मोजपट्टी
कुठं थांबते ते तिला पाठ होतं, सांगितलं नाही.
म्हणाली, तुमच्याकडे माझं काहीतरी आहे.
मी उणे ऐंशीचं दार उघडलं.
धुकं जमिनीवर सांडलं, मायारानं मान वळवली,
त्या घरघरीकडे, पहिल्यांदाच अशी, इरासिल्दा म्हणाली,
आणि थोडा वेळ आम्ही दोघी तेवढंच बघत राहिलो.

मग तिनं विचारलं,
मी काय पाठवलं हिला?

खरं तर मला बोलायची परवानगी नाही.
मी कुपी हातमोज्यात धरली, करंगळीएवढी,
आणि म्हटलं, साखर.
साखर पाठवलीस. ते तर नक्की दिसतं.
बहुतेक म्हटलं नाही.
ती हसली. साखर?
त्या महिन्यात मी नुसत्या रताळ्यावर होते गं.
हसता हसता पदराशिवायच तोंड पुसलं, मनगटानं,
आणि पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

रात्री वरून फोन येतो. पेटी घेऊन जिने चढते.
नवं नाव : वाल्देनिसे. वय एकोणीस.
डब्यावर लिहिते, शनिवार.
वजनाखाली एक ओळ कोरी सोडते.
नियमात तशी ओळ नाही.
बाळाचं नाव अजून ठरलं नसतं एवढ्यात.